बेसबॉलमधून सॉफ्टबॉलकडे: माइक कँड्रिया

नमस्कार श्रोतेहो.

सॉफ्टबॉलचा चेंडू नावाप्रमाणे मऊ असेल, असं अनेकांना वाटतं. एकदा हातात घेऊन बघा. चांगला टणक असतो, आणि बेसबॉलपेक्षा मोठा, १२ इंच घेराचा. आपल्याकडे शाळांच्या मैदानांवर मुली हा खेळ खेळतात, तरी त्याला ‘सोपं बेसबॉल’ समजणारे भेटतातच. त्यांना मला माइक कँड्रिया यांची गोष्ट सांगायची आहे.

कँड्रिया मूळचे बेसबॉलचे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सेंट्रल अ‍ॅरिझोना कॉलेज आहे. तिथे ते आधी बेसबॉल खेळले, मग मुलांच्या संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. १९८१ च्या सुमारास त्यांनी त्याच कॉलेजातल्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ हाती घेतला. मुलांच्या बेसबॉलमधून मुलींच्या सॉफ्टबॉलकडे जाणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, असं मानणारे आजही आहेत. मला ते अजिबात पटत नाही.

का, ते सांगतो. बेसबॉलमध्ये पिचर साठ फूट सहा इंचांवरून खांद्यावरून चेंडू फेकतो. अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर फक्त ४३ फूट. पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवते आणि चेंडू कमरेपाशी, खालून सोडते. तिचा ताशी १०५ किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचतो, जेवढ्या वेळात बेसबॉलमधला ताशी १५० चा पोहोचतो. विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यात ‘राइज बॉल’ आला, की चेंडू वर चढतोय असंच वाटतं आणि बॅट त्याच्या खालून फिरून जाते. बेसबॉलमध्ये वरून खाली येणाऱ्या चेंडूची सवय झालेल्या डोळ्यांना हे सगळं नव्यानं शिकावं लागतं.

फटका मारल्यावर बॅटरला धावत गाठावे लागणारे थांबे म्हणजे बेस. दोन बेसमधलं अंतरही ९० नव्हे, ६० फूट. म्हणून एक खास फटका सॉफ्टबॉलमध्ये रुजला: स्लॅप. डावखुरी बॅटर पिचरच्या दिशेनं धावत सुटते आणि धावता धावताच चेंडू टोलवते. क्षेत्ररक्षकाचा हात क्षणभर अडखळला, की ती पहिल्या बेसवर पोहोचलेली असते.

कँड्रियांनी हा खेळ बेसबॉलची धाकटी बहीण म्हणून शिकवला नाही. १९८४ आणि १९८५ मध्ये त्यांच्या मुलींनी ज्युनिअर कॉलेजांचं, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या कॉलेजांचं, राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुढच्याच हंगामात ते टुसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेले. तिथे १९९१ ते २००७ या काळात आठ राष्ट्रीय विजेतेपदं आली. २०२१ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,६७४ विजय होते.

२००४ चा उन्हाळा मात्र या आकड्यांपलीकडचा आहे. कँड्रिया अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक होते. संघ सराव सामन्यांच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या पत्नी स्यू यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि जुलैत त्या गेल्या. अथेन्सची स्पर्धा महिनाभरावर होती. ते संघाबरोबर गेले. नऊ सामन्यांत अमेरिकेच्या ५१ धावा झाल्या आणि त्यांच्याविरुद्ध एकच, तीही अंतिम सामन्यात. सुवर्णपदक मिळालं. घरचं माणूस जाऊन महिना झालेला असताना मैदानात उभं राहणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी त्यावर जास्त बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा आला आणि कॉलेजांना मुलींच्या खेळांना संधी द्यावी लागली. त्याआधी मुलींच्या कॉलेज संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसे पुरुषही आले. आज हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. कँड्रियांबद्दल आदर बाळगूनही मला हे खटकतं.

म्हणूनच टुसॉनमध्ये त्यांच्यानंतर कोण आलं, याचा मला फार आनंद आहे. केटलिन लो. याच विद्यापीठाची खेळाडू, २००६ आणि २००७ च्या विजेत्या संघांत असलेली. डावखुरी. स्लॅप करून पहिल्या बेसकडे सुसाट पळणारी.

नमस्कार.