घरी राहिलेली वही

नमस्कार श्रोतेहो. निपाणीचा माणूस एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आणायला गुपचूप कोल्हापूर गाठतो, खानापूरची बाई बेळगाव सोडून हुबळीला जाते. कारण एकच, रांगेत ओळखीचं कुणी भेटू नये. मग मानेत गाठ येते. टीबी समजून औषधं होतात, गाठ हटत नाही. शेवटी तुकडा तपासला की लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर निघतो आणि कॅन्सरची फाईल तिसऱ्याच गावात उघडते. एआरटीची वही मात्र घरी कपाटात.

रक्ततपासणीत एचआयव्ही कळतो. गोळ्या कुठल्या, ते कळत नाही. आणि खरी गोम तिथंच आहे. केमोतलं व्हिन्क्रिस्टिन हे औषध मोडून काढण्याचं काम लिव्हर करतं. एआरटीतलं रिटोनाविर नेमकं तेच काम अडवतं. सलाईनमधला डोस तेवढाच, पण औषध अंगात रेंगाळतं. हातपाय बधिर होतात, पोट आवळून बसतं. एआरटीतलंच झिडोवुडिन आधीच रक्त कमी करतं, वर केमो. सरकारी केंद्रात हल्ली बहुतेकांना मिळणारी डोलुटेग्राविरची गोळी त्या मानानं गरीब स्वभावाची.

कशाबरोबर काय द्यावं, हे अंदाजानं ठरत नाही. अमेरिकेतल्या औषधांच्या एका चाचणीत एचआयव्ही आणि लिम्फोमा असलेल्या 150 जणांपैकी काहींना नुसतं ‘चॉप’ हे केमोच्या औषधांचं मिश्रण दिलं, काहींना सोबत रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं आणखी एक औषध. निकाल 2005 साली छापून आला. रिटुक्सिमॅबवाल्यांत जंतुसंसर्गानं 14 टक्के दगावले, दुसऱ्या गटात 2 टक्के; दगावलेल्यांत सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 50 च्या खाली असलेले जास्त. म्हणून औषध फेकून दिलं का? नाही. पुढं ‘ईपॉक’ या चार दिवस सलग चालणाऱ्या केमोच्या सलाईनबरोबर ते तपासलं, आणि आज सीडी-फोर बघून, जंतुसंसर्ग टाळणारी औषधं जोडून देतात. मला यातला तो आकडा छापण्याचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

कुणी तुम्हाला चाचणीत बोलावलं, तर संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं. कन्नड वाचता येत नसेल तर मराठी प्रत मागा, संकोच नको. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं 2017 च्या कायद्यानं गुन्हा... थांबा, नेमकं सांगतो, तो भेदभाव ठरतो आणि त्याला मनाई आहे.

आणि मावशी, गोळ्यांची नावं पाठ होत नसतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे डबीच न्या. रिकामी असली तरी चालेल.