झुडपं वाचणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो. आज आपण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगेत जाणार आहोत. पोर्ट पिरीजवळून निघून ही रांग उत्तरेकडच्या वाळवंटापर्यंत सुमारे 430 किलोमीटर जाते. 1802 साली मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून हे डोंगर दिसले, म्हणून त्याचं नाव. पण तिथे हजारो वर्षं राहत आले ते अद्न्यामतना, म्हणजे 'खडकांची माणसं'. रांगेच्या मधोमध परातीसारखा एक मोठा खोलगट भाग आहे, भोवती उंच कडे. कुणालाही ज्वालामुखीचं तोंड वाटेल, पण त्या आहेत गाळाच्या थरांना पडलेल्या घड्या, कोट्यवधी वर्षं झिजलेल्या. इंग्रज त्याला विल्पेना पाउंड म्हणाले. अद्न्यामतनांचं नाव इकारा, भेटीची जागा. मला विचाराल तर इकाराच म्हणावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला बसलो, ती सांगतो.

साल 1865. भयंकर दुष्काळ. मेंढ्या मरत होत्या आणि मेंढपाळ सरकारकडे सारा माफ करा म्हणून मागणी करत होते. खरी झळ कुठवर लागली आहे, हे पाहायला सरकारनं जॉर्ज गॉयडर या सर्वेअर जनरलला, म्हणजे जमीन मोजणी खात्याच्या प्रमुखाला, पाठवलं. बुटका, अखंड कामात असलेला माणूस; लोक त्याला 'लिटल एनर्जी' म्हणत. घोड्यावर बसून तो सुमारे 3,200 किलोमीटर फिरला. पावसाच्या जुन्या नोंदी जवळपास नव्हत्याच. मग त्यानं पाहिलं काय? झुडपं! मॅली, म्हणजे बुडातूनच अनेक खोडं फुटणारी ठेंगणी निलगिरी, कुठे संपते आणि कोरड्या, खारट जमिनीत तगणारी खारझुडपं कुठे सुरू होतात, तिथून त्यानं नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला पेरू नका, मेंढ्या चारा. पुन्हा सांगतो: दक्षिणेला गहू, उत्तरेला मेंढ्या. पुढे मोजमापं झाली तेव्हा ही रेघ वर्षाला साधारण 250 ते 300 मिलिमीटर पावसाच्या हद्दीशी जुळली.

(इथे एक सांगावंसं वाटतं. प्रत्येक गावच्या शाळेत पर्जन्यमापक हवा, आणि नोंद मुलांनीच रोज करावी. खर्च तो काय!)

1870 नंतर काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोक गॉयडरला हसू लागले. नांगर जाईल तिथे पाऊस मागून येतो, असं छातीठोक सांगितलं जाई. 1874 मध्ये सरकारनं रेघ बाजूला ठेवली आणि कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाड्या घेऊन उत्तरेला गेली. तिथे एक जागा होती, गव्हर्न्मेंट गम्स. 1878 साली तिथे गाव आखलं आणि नाव दिलं फरीना. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ! गहू डोलेल, पीठ होईल, या आशेनं ठेवलेलं नाव.

1880 पासून पुन्हा दुष्काळ पडला. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं करपलं. माणसं घरं टाकून माघारी फिरली. दगडी भिंती आजही उभ्या आहेत, छपरं नाहीत.

फरीना मात्र लगेच मेलं नाही. रेल्वे आली, उंटांचे तांडे आले. या भागात 1866 पासून उंट होते, आणि ते कराचीहून जहाजानं आणले होते. तेव्हा कराची आपल्या मुंबई इलाख्यात होती, बरं का! उंटवाले मुसलमान होते. त्यांच्या मशिदीचे अवशेष गावात दाखवतात.

आता तिथे पडक्या भिंतीच उरल्या आहेत. पण जमिनीखाली एक जुनी दगडी भट्टी शाबूत आहे. दर वर्षी तिकडच्या हिवाळ्यात स्वयंसेवक येतात आणि काही आठवडे ती पेटवून पाव भाजतात. पीठ बाहेरून आणतात.