एका फोटॉनचा आलेख

मघाशी एकाने विचारलं, फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एकदा मोजला की संपतो, मग त्याची क्वांटम अवस्था (कोणत्या मोजणीत काय येण्याची किती शक्यता, याचं पूर्ण वर्णन) मोजायची कशी? प्रश्न रास्त आहे. एकट्या फोटॉनची अवस्था मोजता येतच नाही. एकाच पद्धतीने तयार केलेले हजारो फोटॉन एकामागून एक मोजायचे आणि त्या सगळ्या आकड्यांवरून त्यांची सामाईक अवस्था काढायची.

२००१ साली जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात ल्वॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. लेसरचे स्पंद एका स्फटिकातून जातात आणि क्वचित कधी एका फोटॉनचे दोन होतात. त्यातला एक शोधकावर आदळून वर्दी देतो, की जोडीदार निघालाय. हा जोडीदार अर्ध्या पारदर्शक आरशावर पोचतो तेव्हा दुसऱ्या बाजूने लेसरचा प्रखर स्पंद आलेला असतो. दोघे मिसळून दोन फोटोडायोडवर पडतात आणि आपण त्या दोन संकेतांची वजाबाकी करतो. हे होमोडाइन मापन. दर वर्दीमागे एक आकडा, कधी धन, कधी ऋण.

आता कोणता आकडा किती वेळा आला, त्याचा आलेख बघा. जोडीदाराची वाट अडवली तर नुसत्या निर्वाताचा, म्हणजे एकही फोटॉन नसतानाचा, आलेख येतो, मधोमध उंच, घंटेच्या आकाराचा. फोटॉन येऊ दिला की नेमका मध्यभागीच खळगा पडतो!

एरवी लेसरची कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) बदलत वेगवेगळ्या कोनांतून असे आलेख घ्यावे लागतात आणि त्यांवरून विग्नर फलन, म्हणजे त्या अवस्थेचा पूर्ण नकाशा, उभं करतात. गणित सीटी स्कॅनचंच. १९८९ साली फोगेल आणि रिस्केन यांनी ते सुचवलं, १९९३ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला रेमर यांच्या गटाने प्रत्यक्षात आणलं. एकट्या फोटॉनला ठरावीक कला नसतेच, त्यामुळे तेवढी यातायात वाचते.

विग्नर फलन संभाव्यतेसारखं वागतं, पण फोटॉनसाठी ते केंद्रापाशी ऋण होतं. साध्या प्रकाशाला हे जमत नाही. अडचण एवढीच, की हरवलेल्या प्रत्येक फोटॉनच्या जागी निर्वात मोजला जातो आणि खळगा भरत जातो. निम्मे हरवले की ऋणपणा संपला. कॉन्स्टान्झची कार्यक्षमता होती ५५ टक्के. म्हणजे थोडक्यात वाचले.

लोक गणिताचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी कसोटी लेसरचा स्पंद आणि फोटॉन यांचा आकार नि वेळ जुळवण्यात आहे. जितकी जुळणी कमी, तितका फोटॉन हरवल्यात जमा. आकार नेटका करायला फोटॉनच्याच वाटेत फिल्टर ठेवावा, तर तो फिल्टरच फोटॉन खाणार. म्हणून अरुंद फिल्टर ठेवतात वर्दी देणाऱ्याच्या वाटेत. त्यातून जो पार होतो, त्याच्या जोडीदाराचा आकार आपोआप ठरतो, त्याला हातही न लावता. फक्त वर्द्या कमी होतात आणि मोजणी लांबते.