पोदेराच्या चाकाखालचा रस्ता

(दृश्य: पहाट. गोव्यातलं रायबंदर. रस्त्यावरचे दिवे अजून चालू.)

पों... पों...

हा आवाज कसला, ते गोंयकाराला सांगावं लागत नाही. पोदेर, म्हणजे घरोघरी फिरणारा पाववाला, आला. सायकलच्या मागे भली मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत गरम पावांचे प्रकार: उंडे, पोळ्या, कातरे पाव, कडक काकणं. हँडलला रबरी भोंगा. दारात आला की एक पाय जमिनीला टेकवतो, सायकलवरून न उतरताच पाव मोजून देतो आणि पुढच्या घराकडे वळतो.

सायकलींसाठी वेगळी वाट हवी म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी हेल्मेट घालून दोनापावलाला जाणारी मंडळी येतात. त्यांनी जरूर जावं. पण ही वाट आधी हवी आहे ती पोदेराला. बांधकामावर जाणाऱ्या मजुराला, हॉटेलातली रात्रपाळी संपवून परतणाऱ्या मुलाला, दप्तर अडकवून शाळेत निघालेल्या मुलीला. ही माणसं आजही सायकलवर आहेत आणि जीव मुठीत धरून आहेत.

(दृश्य: रायबंदर–पणजी बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं.)

मी रायबंदरची. हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध १६३० च्या दशकात व्हाइसरॉय काउंट लिन्हारेस यानं बांधून घेतला. बाबा याच बांधावरून सायकलनं पणजीला कामाला जायचे. शाळेला उशीर झाला की मी पुढच्या दांड्यावर. मागून बसचा हॉर्न वाजला की त्यांची बोटं हँडलवर आवळायची, पेरं पांढरी पडायची. तोंडानं मात्र म्हणायचे, ‘बस गो नीट, काही नाही.’

इथे रुंदी वाढवायला जागाच नाही. खारफुटी तोडून ती काढूही नये. अशा ठिकाणी उपाय एकच, वाहनांचा वेग कमी करणं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी साठनं येणारी बस आणि तीसनं येणारी बस, यांत सायकलवाल्याच्या जगण्या-मरण्याचा फरक आहे.

(दृश्य: दयानंद बांदोडकर मार्ग, कांपालची झाडं, मिरामारकडे जाणारी वाहनं.)

जिथे रस्ता रुंद आहे, तिथे मात्र वाट वेगळीच हवी. नुसता रंगाचा पट्टा ओढून भागत नाही. रंगावरून गाडी चढते आणि दहा मिनिटांत तिथे पार्किंग होतं. मध्ये काहीतरी उभं लागतं: दगडी कठडा, झाडांची ओळ, नाहीतर रस्त्यापेक्षा उंच उचललेली वाट. रुंदी निदान दोन मीटर, म्हणजे पोदेराच्या टोपलीला न घासता मागचा पुढे जाईल. गाड्या उभ्या करायच्याच असतील तर त्या सायकलवाटेच्या बाहेर, रहदारीच्या बाजूला उभ्या राहाव्यात. आणि मध्ये गाडीचं दार उघडण्याइतकी मोकळी जागा हवी. अचानक उघडलेल्या दारानं कितीतरी सायकलवाले रस्त्यावर फेकले गेलेत.

आपल्याकडे स्कूटर घरोघरी. मोटार अडवणारा खांब स्कूटर अडवत नाही, हे मान्यच करायला हवं. म्हणून पहिले काही महिने तिथे पोलीस उभा राहायलाच हवा. सवय लागेपर्यंत तरी.

आणि आपला पाऊस! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. सलग कठडा बांधला की पाणी तुंबणार, वाट आषाढात ओहोळ होणार. कठड्यात ठरावीक अंतरावर फटी ठेवायला हव्यात. गटाराच्या जाळीचे गज रस्त्याला आडवे हवेत. उभे गज चाक गिळतात. माझ्या गुडघ्यावर त्याची खूण आहे, तेव्हा मी पाचवीत होते.

पुण्यात सायकलवाटा झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांवर टपऱ्या आल्या, दुचाक्या लागल्या, चौक आला की वाट गायब झाली. स्पेनमधल्या सेव्हिया शहरानं उलटं केलं. २००६ नंतर जेमतेम दोन वर्षांत त्यांनी सुमारे ८० किलोमीटरच्या वेगळ्या वाटा बांधल्या, आणि त्या एकमेकींना जोडून बांधल्या. शाळेच्या दारापासून बाजारापर्यंत कुठे तुटायचं नाही. काही वर्षांत तिथल्या सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ‘आपल्याकडे ऊन फार’ हे कारण मला पटत नाही. आपल्या देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच लिहिलं आहे: रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांच्या हिशेबानं वाटा, सायकलींना वेगळी वाट द्या.

(दृश्य: दिवजा सर्कल, पणजी. सकाळचे साडेसहा.)

बांध संपतो तिथे हे सर्कल. चारी बाजूंनी बसगाड्या, ट्रक, स्कूटरी. पोदेर इथवर पेडल मारत येतो. इथे मात्र उतरतो. एक हात हँडलवर, दुसरा टोपलीवर. एक बस जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो, मग सायकल ढकलत पळतच पलीकडचा फुटपाथ गाठतो. प्लास्टिक सरकलेलं असतं. तो ते नीट करतो, पुन्हा टांग मारतो आणि पाटोच्या दिशेनं भोंगा वाजवत निघतो.