छाटणी ते छाटणी: एका फोनचं वर्ष

[दृश्य: टेबलावर फोन. पारदर्शक कव्हरची पिवळी पडलेली कड, अगदी जवळून.]

हे कव्हर गेल्या ऑक्टोबरात पाण्यासारखं स्वच्छ होतं. आता त्याला जुन्या कंदिलाच्या काचेचा रंग आलाय. ऊन लागलं की हे प्लास्टिक पिवळं पडतंच, त्याला इलाज नाही. आतला फोन मात्र अजून निळाच आहे. घेतला तेव्हा १९,९९९ रुपये मोजले होते. त्यातले तीन हजारांच्या आसपास तर १८ टक्के जीएसटीचेच गेले. कंपनीचं नाव घेत नाही. या किमतीत याची डझनभर भावंडं दुकानात उभी आहेत, आणि मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

[दृश्य: पहाटेचा दिंडोरी रोड, बाईकच्या हँडलवरून.]

माझं काम द्राक्षबागांमधलं. औषधं, खतं, ड्रिपचं सामान आणि त्यासोबत फुकटचा सल्ला. सकाळी नाशिकच्या म्हसरूळवरून दिंडोरीकडे, दुपारी पिंपळगाव बसवंत, जमलं तर निफाड. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होतात. फोन खिशात कमी आणि हातात जास्त. म्हणून या फोनची परीक्षा एसीत बसून झालेली नाही. ऑक्टोबर छाटणीला घेतला, आता पुढची ऑक्टोबर छाटणी सुरू झालीय. एक अख्खा हंगाम.

घेताना माझ्या डोक्यात एकच गणित होतं. चाळीस हजारांचा फोन वीस हजारांत कुणी देत नाही. म्हणजे कंपनीनंही कुठेतरी कात्री चालवलेली असणार. कुठे, ते डब्यावर लिहीत नाहीत. डब्यावर ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्‌झ, ६७ वॉट अशी मोठ्या टायपात लिहिलेली मंडळी असतात. कात्री चालते ती दुकानाच्या काउंटरवर दिसणार नाही अशा जागी. ती जागा सापडायला वर्ष लागतं.

[दृश्य: द्राक्षाचं पान, वरून तेलकट पिवळा डाग. पान उलटं होतं. खाली पांढरी बुरशी.]

सुरुवात कॅमेऱ्यापासून, कारण माझी भाकरी त्यावर आहे. ही डावणी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. वरून तेलकट डाग, खाली पांढरी लव. शेतकरी मला फोटो पाठवतात, मी पुढे तज्ज्ञांना पाठवतो. अशा कामासाठी फोनवाल्यांनी एक खास कॅमेरा दिलाय, त्याचं नाव मॅक्रो, म्हणजे जवळचं टिपणारा. मेगापिक्सेल किती? दोन. त्यानं काढलेला हा फोटो बघा. डावणी आहे की चुन्याचा शिंतोडा, कुणाला सांगता येईल? फोनच्या पाठीवर तीन डोळे दिसावेत म्हणून एक बसवलाय, एवढाच त्याचा उपयोग.

आता हा दुसरा फोटो. मुख्य कॅमेरा, पान वीतभर लांब, फोटो काढल्यावर हवा तेवढा भाग कापून घेतला. बुरशीचा तंतू न् तंतू दिसतोय. मुख्य कॅमेरा खरंच चांगला आहे, तिथे कात्री नाही लागली. ५० मेगापिक्सेलचा तो आकडा मात्र फसवा. एरवी कॅमेरा शेजारचे चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यात वाईट काही नाही, उलट सावलीतला फोटो त्यामुळेच स्वच्छ येतो. आणि एक. एवढा चांगला फोटो काढून व्हॉट्सॲपवर साधाच ढकलला, तर ते तो दाबून लहान करतं आणि पुन्हा चुन्याचा शिंतोडा. पाठवताना एचडी दाबायचं किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडायचं. हे मी किमान पन्नास जणांना शिकवलं असेल. त्यातल्या दोघांनी ऐकलं.

[दृश्य: हँडलवरचा मोबाईल स्टँड, रस्त्याच्या खड्ड्यांनी थरथरणारा फोन.]

या स्टँडची मात्र एक चूक माझ्या पदरात आहे. पहिले चार महिने फोन इथे अडकवला होता. फेब्रुवारीत कॅमेरा जवळच्या वस्तूवर नीट स्थिरावेना. फोकस पुढे-मागे हेलकावे खाई, फोन कानाशी हलवला तर आत काहीतरी टिकटिकल्यासारखं वाटे. कॅमेऱ्यात हाताची थरथर खाऊन टाकणारी एक यंत्रणा असते, ओआयएस म्हणतात. भिंग किंवा सेन्सर बारीक चुंबकांवर तरंगता ठेवलेला असतो. मोटारसायकलच्या इंजिनाची सततची थरथर त्या नाजूक जागेला मानवत नाही. ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच्या महागड्या फोनबद्दलही हीच सूचना जाहीर केली होती. म्हणजे यात वीस हजार आणि लाख असा भेद नाही. तेव्हापासून फोन खिशात, आणि रस्ता विचारायला माणसं. फोकस अर्धामुर्धा सुधारलाय, पूर्ण नाही.

[दृश्य: एप्रिल. दुपार. बागेच्या बांधावर फोन, स्क्रीन अंधारलेली.]

उन्हाळा. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. एप्रिलात नाशिकचा पारा सकाळी अकराला तिथे पोचतो आणि पुढे जातो. स्क्रीनचा उजेड डब्यावर हजारांच्या आकड्यात लिहिलाय, निट्स हे त्याचं माप. पण तो आकडा स्क्रीनच्या एका छोट्या तुकड्यापुरता आणि क्षणभराचा असतो. इथे उन्हात उभं राहून मी शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण दाखवतोय, आणि फोन तापल्यामुळे स्वतःच उजेड कमी करतोय. जेव्हा जास्त हवा तेव्हाच कमी. मग टोपी काढायची, तिच्या सावलीत फोन धरायचा, आणि दोघांनी त्या टोपीत डोकं घालून वाचायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं विहिरीत काहीतरी शोधताहेत.

चार्जिंगचंही तेच. ६७ वॉटचा चार्जर घरात रात्री खरंच पाऊण तासात पोट भरतो. पिंपळगावला पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लावला तर अर्ध्या तासात जेमतेम पंधरा टक्के. यात फोनची लबाडी नाही, शहाणपण आहे. लिथियम बॅटरीला उष्णतेत घाईघाईनं भरलं तर ती लवकर म्हातारी होते, म्हणून फोन स्वतःच घास लहान करतो.

बॅटरी ५००० एमएएचची. पहिल्या थंडीत रात्री घरी यायचो तेव्हा तीस टक्के शिल्लक असायची. आता त्याच वेळी बारा-पंधरा. सेटिंगमध्ये आत-आत गेलं की माझ्या फोनमध्ये चार्जिंगची आवर्तनं दिसतात. शून्यापासून शंभरापर्यंतचं एक आवर्तन, दोनदा पन्नास-पन्नास भरलं तरी मिळून एकच. माझी झालीत ३६४. युरोपीय संघानं जून २०२५ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या फोनना अट घातलीय की ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत ८० टक्के जीव उरला पाहिजे. त्या हिशेबानं माझ्या फोनचं अर्धं आयुष्यही झालेलं नाही, पण दिंडोरीच्या पुढे सिग्नलच्या शोधात तो जी ताकद खर्च करतो ती कुठल्या हिशेबात धरायची? टॉवर लांब असला की फोनला मोठ्यानं ओरडावं लागतं, आणि ओरडून दम लागतो. फाइव्हजी बंद करून फोरजीवर ठेवला तर संध्याकाळपर्यंत आठ-दहा टक्के वाचतात. बागेत मला फाइव्हजी कशाला हवंय?

[दृश्य: हाताची बोटं, निळसर बोर्डो सुकलेलं. अंगठा स्क्रीनवर. फोन थरथरतो, उघडत नाही.]

हा अंगठा बघा. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना. पावसाळ्यात बागेत हे रोजचंच. या फोनचा अंगठ्याचा सेन्सर स्क्रीनखाली आहे आणि तो चक्क अंगठ्याचा फोटो काढून जुळवतो. अंगठा ओला, चुन्यानं फुटलेला किंवा निळा असला की त्याला माणूस ओळखू येत नाही. महागड्या फोनमध्ये ध्वनिलहरींनी ठसा वाचणारा सेन्सर असतो, तो ओल्या बोटालाही बराचसा दाद देतो. तर ही पहिली कात्री. चहाच्या टपरीवर मागे चार माणसं उभी, समोर क्यूआर कोड, आणि मी शर्टाला अंगठा पुसतोय. एकदा टपरीवाल्या काकू म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, उद्या द्या." लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांचे दोन-दोन ठसे नोंदवले. थोडा फरक पडला.

[दृश्य: रात्र, रामकुंड. चढलेली गोदावरी, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात.]

नाशिककरांना पुराची उंची मीटरात सांगून उपयोग नाही. मारुती कुठपर्यंत बुडाला, एवढंच विचारतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की सगळं गाव इथे बघायला येतं, मीही आलो. हे तेव्हाचं चित्रण, याच फोनवरचं. दिव्यांच्या उजेडात पाणी बऱ्यापैकी दिसतंय, काठावरची गर्दी मात्र काळ्या बाहुल्यांसारखी. फोटोचा नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो काढून ते एकावर एक रचतो. स्थिर मारुतीला ते चालतं. वाहत्या पाण्याचा त्यात कापूस होतो.

फोनला आयपी ५४ दर्जा आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. चार म्हणजे शिंतोडे सोसेल, बुडवणं नाही. त्या रात्री तासभर रिमझिमीत होता, काही झालं नाही. स्क्रीनवरचे थेंब मात्र त्याला बोटंच वाटत होती. आपोआप झूम होई, आपोआप चित्रण थांबे. सर्वांत चांगला क्षण, पाणी मारुतीच्या छातीला लागलं तो, माझ्याकडे नाही. एका थेंबानं स्टॉप दाबलं.

[दृश्य: फोन कानाला लावलेला चेहरा, बाजूनं.]

आता ज्या गोष्टीबद्दल मी घेताना एक अक्षर विचारलं नव्हतं ती. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला हवी. त्यासाठी वरच्या कडेला एक बारीक सेन्सर असायचा, गाल जवळ आला हे ओळखणारा. या किमतीतल्या कित्येक फोनमध्ये तो काढून टाकलाय. त्याऐवजी स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडून, मायक्रोफोननं त्याचा प्रतिध्वनी ऐकून फोन अंदाज बांधतो. अंदाज कधी बरोबर येतो, कधी चुकतो. चुकला की स्क्रीन जागी राहते आणि माझा गाल बटणं दाबत सुटतो. व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस चाललीय, मी तावातावानं बोलतोय, आणि पलीकडे शांतता. गालानं म्यूट केलेलं असतं. व्यापारी समजतो, हा विचारात पडलाय. एकदा त्या शांततेपायी त्यानं आपणहून किलोमागे दोन रुपये वाढवले, हेही कबूल करतो.

ही सगळ्यात खोल गेलेली कात्री, आणि ती फोनच्या मूळ कामावरच चाललीय, बोलण्यावर.

बाकीचं पटकन. डब्यावरची आठ अधिक आठ जीबी रॅम यातली दुसरी आठ ही रॅम नव्हेच, स्टोरेजचा तुकडा उसना घेतलेला. रॅमचा वेग त्याला येणार नाही. मी बंद केली, फरक जाणवला नाही. स्टोरेज १२८ जीबी, पण जुन्या पिढीचं. सुप्रभातांच्या व्हिडिओंनी तुंबलं की गॅलरी उघडायला दम लागतो. वीसेक जीबी मोकळे ठेवले की पुन्हा चालतं. सोबत आलेली फुकटची ॲप्स पहिल्याच रविवारी काढून टाकली. स्पीकरच्या जाळीत चुन्याची भुकटी बसते, मऊ ब्रशनं निघते. निफाडच्या थंडीत काही अडचण आली नाही. तीनदा पडला, एकदा थेट ड्रिपच्या व्हॉल्व्हवर, काच शाबूत.

[दृश्य: महात्मा गांधी रोड, मोबाईलच्या दुकानांची रांग, दुपारचं ऊन.]

मागच्या आठवड्यात मोहाडीकडच्या एका नानांना फोन घ्यायचा होता. म्हणाले, "तुझ्यासारखाच घेतो." मी म्हटलं, "नाना, आधी दुकानाबाहेर उन्हात या. स्क्रीन वाचता येते का बघा. मग बोट ओलं करून अंगठा लावा. मग त्याच फोनमध्ये तुमचं सिम घालून मला फोन करा, कानाला लावून दोन मिनिटं बोला." दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण सिम घालू दिलं.

नाना रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या सावलीत उभे राहिले. मी अलीकडे. फोन वाजला, उचलला. नाना घरच्या बागेचं, नातवाचं, पाण्याचं सगळं सांगत होते. मी हो-हो म्हणत होतो. मिनिटाभरानं त्यांनी फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं, आणि रस्त्यापलीकडून ओरडले, "अरे, माझा चांगला चाललाय. तुझाच आवाज येईना!"