मावशीची अर्धी वाटी

(दृश्य: मेलबर्नमधलं एक स्वयंपाकघर. सकाळ संपत आली आहे. ओट्यावर स्टीलची छोटी वाटी.)

ही वाटी नीट बघा. आपल्याकडे बाळाला खिमट भरवायला घेतात, तेवढीच आहे. वजन उतरवायला पोटात बँड बसवून घेतल्यापासून, गेली कित्येक वर्षं माझी मावशी दुपारचं जेवण या वाटीतून जेवते. आज तिच्यात मुगाचं घट्ट वरण आहे, मऊ शिजवलेली दोडक्याची भाजी आहे आणि पनीरचे चार तुकडे. चमचाही बाळाचाच. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा. चावायचं, घासाचं पार पीठ होईपर्यंत चावायचं. गिळायचं. मग पुढचा घास न घेता एक मिनिट थांबायचं. पहिल्या वर्षी ती भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत जेवायची. आता काट्याची गरज पडत नाही.

वीस मिनिटं झाली. वाटीत दोन चमचे वरण उरलंय आणि मावशी उठते.

'पानात टाकायचं नाही' हे ऐकत वाढलेल्या बाईला ते दोन चमचे मागे ठेवायला शिकायला दोन वर्षं लागली.

(दृश्य: जुने फोटो. सांगलीचं घर, लग्न, विमानतळ.)

२०१० साली मावशीचं वजन होतं १०४ किलो. उंची पाच फूट एक इंच. मधुमेह होऊन आठ वर्षं झाली होती. गुडघे दुखायचे आणि झोपेत श्वास अडकायचा. त्याआधीच्या वीस वर्षांत तिने काय काय केलं नव्हतं? भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, कारल्याचा रस प्यायली, पहाटे पाचला उठून चालली. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षभरात दहा-बारा चढायचे. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, हिचा जिभेवर ताबा नाही. मीही एकदा तिच्या तोंडावर तसं बोलले होते. ते शब्द मी आज मागे घेते. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि उतरलेलं परत मिळवायला धडपडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वीस वर्षं रोज आपल्याच भुकेशी झुंजणाऱ्या बाईला मी आळशी समजत होते.

त्या वर्षी तिने पोटात गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला.

(दृश्य: टेबलावर बँडचा नमुना. पांढरं सिलिकॉनचं कडं, लांब नळी, शेवटी बटणाएवढी चकती.)

हे कडं जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसतं, अन्ननलिका जिथे त्याला मिळते तिथून जरा खाली. कड्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. फुग्यातून निघालेली नळी या चकतीला जोडलेली असते. तिला पोर्ट म्हणतात आणि तो पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर शिवून टाकतात. पोर्टमध्ये सुईने सलाइन सोडलं की फुगा फुगतो आणि कडं आवळतं. सलाइन काढलं की सैल होतं. जठर कापत नाहीत, आतडी वळवत नाहीत. नको झालं तर कडं काढताही येतं.

सिलिकॉनचं असं कमीजास्त करता येणारं कडं अमेरिकेत ल्युबोमिर कुझमॅक या सर्जननी १९८६मध्ये वापरलं. पण तेव्हा त्यासाठी पोट उघडावं लागे. दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून ते पहिल्यांदा बसवलं १ सप्टेंबर १९९३ला, बेल्जियममधल्या ह्युई गावात, मितिकू बेलाचू यांनी. इथिओपियातल्या एका खेड्यात गुरं राखणारा हा मुलगा पुढे बेल्जियममध्ये सर्जन झाला. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँड बसवायला सुरुवात केली आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवत गेले. बँडबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंचसं या शहरातून कळलं. २००८मध्ये इथल्याच एका अभ्यासाने डॉक्टरांना जागं केलं. मधुमेह नुकताच झालेले साठ जण होते. निम्म्यांना बँड, निम्म्यांना औषधं आणि आहाराचा सल्ला. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांची साखर आटोक्यात येऊन मधुमेह मागे हटला होता. दुसऱ्या गटात १३ टक्के. तो निकाल वाचूनच मावशीच्या डॉक्टरांनी तिच्याकडे विषय काढला.

बँडमुळे वरच्या बाजूला एक छोटी पिशवी तयार होते, जेमतेम एक-दोन मोठे चमचे मावतील एवढी. म्हणून पुष्कळांना वाटतं की अन्न तिथे साठतं, वर जागा उरत नाही आणि माणूस खायचा थांबतो. तसं होता कामा नये. नीट चावलेला घास कड्यातून खाली जातो, त्याला मिनिटभर लागतं. अन्ननलिका त्याला दोन-चार वेळा दाबून खाली ढकलते. प्रत्येक दाबाला तिथल्या नसा मेंदूला कळवतात, पुरे झालं. मावशी एक मिनिट थांबते ती यासाठी. घासावर घास टाकला तर निरोप पोचायच्या आधीच पिशवी ताणली जाते.

(दृश्य: दवाखान्याची खोली. मावशी टेबलावर आडवी.)

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसते प्रथिनांचे शेक. यकृतातली चरबी उतरून ते आक्रसावं, म्हणजे सर्जनना त्याच्यामागे नीट दिसतं. ऑपरेशननंतर पहिले दिवस पातळ पदार्थ, मग पेज, वरणाचं पाणी, ताक, मग खिमट. मावशी म्हणते, "उष्टावणापासून सगळं परत सुरू केलं गं." महिना-दीड महिन्याने पहिल्यांदा सलाइन भरलं.

ते भरताना मी तिच्याजवळ उभी होते. डॉक्टर म्हणाले, मान उचला. मान उचलल्यावर पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटाला लागतो. बोटांनी चाचपून त्यांनी तो जागेवर धरला. सुईचं टोक किंचित वाकडं होतं. साध्या सुईने सिलिकॉनचा तुकडा पडतो आणि पोर्ट गळायला लागतो, म्हणून ही वेगळी सुई. सुई आत गेली, सिरिंजमधलं पाणी हळूच खाली गेलं. मग मावशीला उठवून बसवलं आणि ग्लासभर पाणी घोट घोट प्यायला लावलं. पाणी उतरलं तर ठीक, छातीत अडकलं तर लगेच थोडं काढून घ्यायचं. एवढाच विधी. पण पहिल्या वर्षात तो सात वेळा झाला आणि शेवटी शेवटी मापाची भाषा होती अर्धा मिली, पाव मिली.

डॉक्टरांनी तिला तीन रंग शिकवले होते. पिवळा म्हणजे कडं सैल, भूक लागते आणि पान मोठं होत जातं. हिरवा म्हणजे अर्ध्या वाटीवर समाधान होतं आणि ते तीन-चार तास टिकतं. लाल म्हणजे फार आवळलंय, घास अडकतो, रात्री खोकला येतो. आणि लाल रंगात आणखी एक गोष्ट घडते. भाजी, पोळी, उसळ उतरत नाही म्हणून माणूस आइस्क्रीम, चॉकलेट, गोड पेयं यांच्याकडे वळतो. ती सरळ घसरत खाली जातात.

आपल्या पानाकडे यानंतर मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. पोळीचा गोळा होतो आणि तो कड्यावर बसतो. भाताचाही तसाच. पाव तर नकोच. आणि आमरस? बासुंदी? श्रीखंड? काही अडवत नाही. रोजचं साधं जेवण बँड अडवतो आणि सणाचं गोड मोकळं सोडतो. बँड बसवला की आपोआप वजन उतरेल, असं ज्याला कुणी सांगितलं असेल, त्याने आमरसाची वाटी डोळ्यांसमोर आणावी.

(दृश्य: सांगली. लग्नाचा मांडव, पंगत.)

२०१३. माझ्या मामेभावाचं लग्न. मावशी तीन वर्षांनी आली होती. वजन ८१ किलो, म्हणजे तेवीस किलो उतरले होते. मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. चौथ्या महिन्यात मूठ मूठ केस गळाले होते ते परत आले होते, दंडाची कातडी मात्र सैल लोंबत होती आणि जुन्या ब्लाउजना तिने स्वतः तीन-तीन टिपा घातल्या होत्या. मांडवात सगळे म्हणत होते, किती वाळलीस! आणि त्याच दमात, जेव की नीट.

आग्रह हा आपला जिव्हाळा आहे, मला कळतं. कुणी आग्रह केला नाही तर पाहुणा अर्धपोटी उठेल, या काळजीतून तो आला. पण त्या पंगतीत मावशी एका बाजूला आणि वाढणारे दहा जण दुसऱ्या बाजूला. "एवढीशी तर पुरी आहे." "माझ्या हातची नाही घेणार?" तिने मान हलवली, पानावर हात आडवा धरला. शेवटी एक पुरी पडलीच. गप्पांच्या नादात, मागची पंगत खोळंबली म्हणून तिने ती भराभर खाल्ली.

दोन मिनिटांत तिचा चेहरा पांढरा पडला. हात छातीच्या मधोमध. तोंडात लाळ भरून येऊ लागली, फेसासारखी, थांबेचना. ती न्हाणीघरात गेली. मी दाराबाहेर. आतून आवाज यायचा, मग शांत, मग परत. असा अर्धा तास गेला. बाहेर कुणी म्हणालं पित्त झालं, कुणी सोडा आणला. सोड्याने घास सुटत नाही, आतला ताण तेवढा वाढतो. त्या वेळी वरून काहीच घालायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. घास खाली उतरेपर्यंत किंवा वर येईपर्यंत थांबायचं.

ती पुरी मी वाढली होती.

(दृश्य: मेलबर्न, हिवाळा, रात्र. खिडकीवर पाऊस.)

पुढची गोष्ट मावशीने मला कॅमेऱ्यासमोर सांगायला दोन दिवस घेतले. वजन ८१वर थांबलं होतं. खरं तर बँडवर बहुतेकांचं वजन दोन-तीन वर्षांत असंच थांबतं, जास्तीच्या, म्हणजे योग्य वजनापेक्षा वर असलेल्या, वजनातलं निम्मं उतरलं की. तिला ७०पर्यंत जायचं होतं. २०१५मध्ये तिने मागून मागून आणखी सलाइन भरून घेतलं. मग रात्रीचा खोकला सुरू झाला. उशीवर आंबट पाणी. ज्या डॉक्टरांकडे गेली त्यांनी दम्याचा पंप दिला. बँडचा विषय तिने काढला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. चार महिने ती बसून झोपत होती आणि रात्री भूक लागली की आइस्क्रीम खात होती, कारण तेवढंच उतरायचं. शेवटी बेरियम पिऊन एक्स-रे काढला, तेव्हा दिसलं की वरची पिशवी ताणून मोठी झाली आहे. त्याच दिवशी सगळं सलाइन काढलं.

"खोकला दोन दिवसांत गेला," मावशी म्हणते, "आणि आठवड्यात भूक परत आली. पाच वर्षांनी. मी विसरलेच होते ती कशी असते."

वर्षभरात ती ९२वर गेली.

हे अपवादाने घडत नाही. ओब्रायन यांच्या गटाने २०१३मध्ये ३,२२७ रुग्णांचा हिशोब मांडला. पंधरा वर्षं झालेल्यांनी सरासरी जास्तीच्या वजनातलं ४७ टक्के वजन दूर ठेवलं होतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण दर शंभरातल्या सुमारे त्रेचाळीस जणांना कधी ना कधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली. पिशवी ताणली गेली, नळी किंवा पोर्ट बिघडला, क्वचित कडं झिजत पोटाच्या आत शिरलं. जगाने बँडकडे पाठ फिरवली ती यामुळे. २००८मध्ये जगभरच्या वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ४२ टक्के बँडच्या होत्या, २०१३मध्ये दहा टक्के उरल्या. त्या जागी जठराचा मोठा भाग कापून नळी करणारी स्लीव्ह आली. पण ज्यांच्या पोटात कडं बसलंय, ती माणसं कुठे जाणार? त्यांना दर काही महिन्यांनी पोर्ट चाचपणारी बोटं हवीतच. ऑपरेशनची माहिती देताना दहा वर्षांनी सुई कोण लावणार हे जो सांगत नाही, त्याने अर्धीच माहिती दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर पहिलं वाक्य हे की पोटात बँड आहे. स्वतःची लाळही गिळता येत नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात जोराचं दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. कडं सरकलेलं असू शकतं आणि सलाइन तातडीने काढावं लागतं. रात्रीचा खोकला, पोर्टवरची लाली, दोन्ही कळवायच्या गोष्टी. दिवस राहिले तर सर्जनना लगेच सांगायचं, कडं सैल करावं लागू शकतं.

(दृश्य: गणपतीचे दिवस. मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल, आरती, मग जेवणं.)

पिशवीला काही महिने विश्रांती दिल्यावर मावशीचं कडं परत थोडं थोडं भरलं. आज ती ८४ किलो आहे. लोह आणि बी-१२च्या गोळ्या चालू आहेत, प्रथिनांचा हिशोब वहीत आहे, आठवड्यातून चार दिवस पोहणं आहे. सत्तरचं नाव ती आता घेत नाही.

मोदकाची उकड तिला अडकते. बघा, तिने चमच्याने मोदक उकलला, पारी बाजूला ठेवली आणि सारणातलं एक बोट चाखलं. शेजारच्या काकूंनी दुसरा मोदक उचलला आणि मावशीच्या पानाकडे बघून हात मागे घेतला. त्यांना तिने आधीच सगळं सांगून ठेवलंय. पूर्वी ती लपवायची. ऑपरेशन करून वजन उतरवलं म्हणजे फसवलं, असं लोक म्हणतील ही भीती होती. मला विचाराल तर पंधरा वर्षं रोज तीनदा घास मोजणाऱ्या बाईला हे म्हणणाऱ्याने एक दिवस तिच्यासारखं जेवून बघावं.

(दृश्य: परत स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

सांगलीहून मागवलेल्या या कालनिर्णयात एकादशीशेजारी पेन्सिलने छोटे गोल आहेत. ते बँड तपासायचे दिवस. काल डॉक्टरांनी विचारलं, भूक कशी आहे? ही म्हणाली, बरी आहे. सुई बाहेर काढलीच नाही. पुढचा गोल सहा महिन्यांनी.

फोन वाजतो. सांगलीहून माझी आई.

"झालं का गं जेवण?"

"आत्ताच झालं, ताई."

"काय केलं होतंस?"

"मुगाचं वरण, दोडका."

"दोडक्यात शेंगदाण्याचं कूट घातलंस का?"

किती खाल्लंस, हे आई आता विचारत नाही.