चाकावरची ब्रेकची काजळी: ती येते कुठून आणि कमी कशी करायची

नमस्कार. ही गाडी धुतल्याला आज चार दिवस झाले आहेत. माझ्या हातात पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे आहेत. एक मी आत्ताच पुढच्या चाकाच्या आऱ्यावरून फिरवला आणि दुसरा त्याच बाजूच्या मागच्या चाकाच्या आऱ्यावरून.

[जवळून दृश्य: दोन्ही कापडे शेजारी शेजारी]

पुढच्या चाकाच्या कापडावर काळपट तपकिरी पट्टा उठला आहे, मागच्या चाकाच्या कापडावर जेमतेम राखाडी छटा आहे. रस्ता तोच होता, दिवसही तेवढेच होते, त्यामुळे हा फरक रस्त्यावरच्या मातीचा असू शकत नाही. आता पुढच्या कापडावरची भुकटी मी या कागदावर झटकतो आणि कागदाच्या खालून लोहचुंबक फिरवतो.

[जवळून दृश्य: कागदावर भुकटी चुंबकाबरोबर सरकते]

चुंबक जाईल तिकडे भुकटी जाते आहे आणि तिचे बारीक केस उभे राहिल्यासारखे दिसत आहेत, कारण या भुकटीत लोखंड भरपूर आहे. ब्रेकची काजळी म्हणजे झिजलेला पॅड, असे बहुतेक जण धरून चालतात. ते अर्धेच खरे आहे. पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की घासणारा तुकडा, चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या बिडाच्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, घासतो ती डिस्कही झिजत असते आणि या काजळीतला मोठा भाग तिच्यातून आलेला असतो. म्हणूनच काजळी कमी करण्याचा विचार शाम्पूच्या बाटलीपासून सुरू करणे मला पटत नाही. आधी ती किती तयार होते ते पाहावे आणि तयार झालेली कशी काढायची ते नंतर.

पुढची चाके जास्त का काळवंडतात, हे समजायला सोपे आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक काम पुढच्या ब्रेकवर येते. मागे बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असतील तर भुकटी बरीचशी ड्रममध्येच अडकते, म्हणून मागची चाके आणखी स्वच्छ दिसतात. काही नव्या गाड्यांत हलक्या ब्रेकिंगचा वाटा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या चाकांकडे वळवते आणि तिथे चित्र उलटेही दिसू शकते. पुढच्या-मागच्या चाकांतला फरक त्यामुळे एवढा चिंतेचा नसतो. डाव्या-उजव्या चाकांतला फरक मात्र गंभीरपणे घ्यावा.

याबाबतीत मी स्वतः चुकलो आहे. माझ्या आधीच्या गाडीचे पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा कायम काळे असायचे. मी ते दोनदा गॅरेजमध्ये सांगितले आणि दोन्ही वेळा मला चाक चकचकीत धुऊन मिळाले. तिसऱ्यांदा दुसरीकडे गेलो तेव्हा त्या मेकॅनिकने काही न बोलता चाक उतरवले, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हाताने ढकलून पाहिला आणि तो जागचा हलला नाही. बहुतेक गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्या पिनांना उष्णता सोसणारे ग्रीस लावलेले असते आणि वर रबरी आवरण असते. माझ्या गाडीचे आवरण फाटले होते, आत पाणी शिरले होते आणि ग्रीस वाळलेल्या डिंकासारखे कडक झाले होते. पाय पेडलवरून काढला तरी पॅड डिस्कला धरून राहत होता, म्हणजे मी ब्रेक न लावताही ब्रेक थोडा लागलेलाच असायचा. आतल्या बाजूचा पॅड बाहेरच्यापेक्षा निम्म्याने कमी उरला होता. इतके दिवस ती काजळी मला हेच सांगत होती आणि मी ती पुसत होतो.

म्हणून पुसण्याआधी एकदा दोन्ही बाजू ताडून पाहा. एका चाकावर ठळकपणे जास्त काजळी असेल, थोडे अंतर चालवल्यावर ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा जळका वास येत असेल, तर आधी ब्रेक उघडून पिना आणि पॅडला ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन तपासून घ्या. चाक तापले आहे का हे पाहताना डिस्कला हात लावू नका. चाकाजवळ तळहात धरला तरी फरक जाणवतो आणि लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर असेल तर उत्तमच.

दोन्ही बाजू सारख्याच काळ्या असतील, तर मग मुख्य प्रश्न पॅडच्या मिश्रणाचा आहे. ज्या गाड्यांचा ब्रेक पेडलला पाय टेकताच करकचून लागतो, त्यांत बहुधा लो-मेटॅलिक पॅड असतात. युरोपीय गाड्यांत हे मिश्रण फार वापरले जाते. त्यातला पोलादाचा अंश आणि कठीण कण डिस्कला अक्षरशः खरवडतात, म्हणून पकड उत्तम मिळते आणि काजळीही तितकीच पडते. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचे प्रमाण याहूनही जास्त असते, ते उष्णता चांगली सोसतात, पण तेही काळी भुकटी सोडतात. सिरॅमिक पॅड वेगळ्या रीतीने काम करतात. त्यांच्या पदार्थाचा एक पातळ थर डिस्कवर बसतो आणि नंतरचे घर्षण बरेचसे या थराशी होते. त्यामुळे डिस्क कमी झिजते. जी भुकटी पडते ती फिकट रंगाची असते आणि चाकाला चिकटूनही कमी राहते. काजळीसाठी एकच बदल करायचा असेल, तर तो हाच करावा असे माझे मत आहे.

मात्र हा बदल फुकट मिळत नाही. सिरॅमिक पॅडची पेडलखालची जाणीव थोडी मऊ असते. लांबलचक घाट सतत ब्रेकवर उतरणाऱ्या, मागे जड ट्रेलर ओढणाऱ्या किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला ते बहुधा योग्य ठरत नाहीत. शिवाय डब्यावर सिरॅमिक लिहिलेले असणे म्हणजे हमी नव्हे, कारण हा शब्द विक्रेते फार सैलपणे वापरतात. मी पॅडच्या मागच्या पोलादी पत्र्यावर वर्तुळात कोरलेले ई हे अक्षर आणि आर ९० या नियमानुसार मिळालेला क्रमांक पाहतो. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. चाक स्वच्छ राहावे म्हणून थांबण्याचे अंतर वाढवणारा पॅड बसवण्यात काहीच शहाणपण नाही.

पॅड बदलताना डिस्ककडेही पाहा. तिच्यावर बोटाला लागतील असे चर असतील किंवा कडेला उंचवटा आला असेल, तर नवा पॅड त्या चरांशी जुळेपर्यंत स्वतःच झिजत राहतो. त्यातही जुन्या पॅडचा थर डिस्कवर तसाच असताना वेगळ्या मिश्रणाचा पॅड बसवला, तर नवा थर नीट बसत नाही. अशा वेळी डिस्क बदलावी किंवा तिचा पृष्ठभाग साफ करून घ्यावा. त्यानंतर नवा थर नीट बसावा म्हणून मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा सावकाश वेग कमी करावा आणि मध्ये ब्रेकला थंड होऊ द्यावे. नेमकी पद्धत पॅडसोबतच्या पत्रकात असते आणि तीच पाळावी. या काळात काजळी नेहमीपेक्षा जास्त पडते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पॅडबद्दल मत बनवू नका.

डिस्क आणि चाक यांच्या मध्ये बसवायच्या पातळ तबकड्याही बाजारात मिळतात. त्या काजळी चाकापर्यंत पोहोचू देत नाहीत, हे खरे आहे. पण त्या हवाही पोहोचू देत नाहीत. ब्रेकची उष्णता वाऱ्याने वाहून जाते आणि ती वाट बंद केली तर उतारावर ब्रेक तापून कमी लागू शकतो. मी त्या वापरत नाही आणि वापरा असे सांगणारही नाही.

आता पायाविषयी थोडे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला ५० किलोमीटरवरून थांबण्याच्या चौपट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. समोरचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय लवकर उचलला आणि गाडी गिअरमध्येच मंदावू दिली, तर जेवढा वेग इंजिनाने खाल्ला तेवढी काजळी वाचली. उतारावर खालचा गिअर वापरणे हा त्याचाच भाग आहे आणि ऑटोमॅटिक गाडीतही ते करता येते. बॅटरीवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत मोटारच वेग कमी करून ऊर्जा परत साठवते, त्यामुळे त्यांची चाके कितीतरी स्वच्छ राहतात. त्यांच्यात उलट तक्रार येते, ती ब्रेक पुरेसा न वापरल्याने डिस्क गंजण्याची. फोक्सवागनने आयडी ३ आणि आयडी ४ या विजेवरच्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण आहे.

काजळी ही फक्त दिसण्याची बाब राहिलेली नाही, म्हणून उत्पादकांनाही हात हलवावे लागत आहेत. पॅडमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन माशांना अपाय करते, यावरून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. युरोपीय संघाच्या युरो ७ नियमांत तर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली आहे. पेट्रोल-डिझेल मोटारींसाठी ती दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर देण्याचा उपाय पोर्शे आणि बॉश या दोघांनीही २०१७ मध्ये पुढे आणला. त्याने काजळी ९० टक्क्यांपर्यंत घटते असा त्यांचा दावा आहे. अशा डिस्क अजून महाग आहेत, पण दिशा तीच दिसते.

एवढे करूनही थोडी काजळी राहणारच. ती तापलेल्या कणांच्या रूपाने चाकाच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, आदळते, तिथे रुतते, ओलावा मिळाला की गंजते आणि महिनोन्महिने तशीच राहिली तर लॅकरवर नारिंगी ठिपके आणि खड्डे पडतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी साधे धुणे हे दोन महिन्यांनी जोर लावून घासण्यापेक्षा चांगले. चाक थंड असतानाच धुवा. तापलेल्या चाकावर रसायन वाळून डाग पडतात आणि तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारणे डिस्कच्याही हिताचे नसते.

[जवळून दृश्य: आऱ्यावर फवारा]

आधी नुसत्या पाण्याने सुटी भुकटी वाहून जाऊ द्या, मग लोहकण काढणारा फवारा मारा. हे पाहा, काही क्षणांत पारदर्शक द्रव जांभळा होऊ लागला. यातले थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी संयोग पावते, त्याचा हा रंग आहे आणि कुजक्या अंड्यांसारखा हा वासही त्याचाच. तीन-चार मिनिटे थांबा, वाळू देऊ नका, मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागपर्यंत पोहोचा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. चाकांची बादली आणि कापड वेगळे ठेवा, नाहीतर हेच लोहकण गाडीच्या रंगावर ओरखडे काढतील. आम्लाचे जोरदार द्रव लॅकर नसलेल्या किंवा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पाडतात, ते टाळा. कोरडी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, कारण ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असे.

चाकाला मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावल्याने काजळी कमी तयार होत नाही, पण ती रुतत नाही आणि पुढच्या वेळी बरीचशी पाण्याच्या झोतानेच निघते. कोटिंग लावताना चाक उतरवून आतली बाजूही करा आणि बसवताना नट आडवे-तिडवे क्रमाने, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळा. मेण, टायर चमकवणारा द्रव किंवा सिलिकॉनचा फवारा डिस्कवर कधीही जाता कामा नये.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. ओल्या डिस्कवर तासाभरात नारिंगी गंज धरतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच ब्रेकला तो सगळा खरवडून आत्ताच स्वच्छ केलेल्या चाकावर उडतो. मी गाडी थोडी फिरवून आणतो, चार-पाच वेळा हलका ब्रेक लावून डिस्क कोरडी करतो आणि चाकांवरून शेवटचे कापड त्यानंतरच फिरवतो.